फूं-फूं करणारा लाल अजगर: ब्लड पायथनशी जमवून कसं घ्यायचं

ब्लड पायथन घरी आणला त्या रात्री मी टबचं झाकण जरासं उघडलं तर आतून कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ फुसफुसते ना, तसला आवाज आला. झाकण बंद केलं. पाच मिनिटांनी परत उघडलं, परत तेच. चार वेळा हा खेळ झाल्यावर बायको म्हणाली, झोपा आता दोघं पण.

त्याला आता सात वर्षं झाली. जनावर लालबुंद आणि गोल गरगरीत म्हणून नाव पडलं भोपळा, आणि मादी आहे हे कळेपर्यंत नाव चिकटलेलं होतं, त्यामुळे आमच्याकडे "ती भोपळा" असंच म्हणतात. आज ती माझ्या मांडीवर अर्धा अर्धा तास पडून राहते. मधल्या काळात काय काय केलं आणि काय चुकलं ते क्रमाने लिहितोय, कारण इथले ओळखीचे मराठी लोक अधूनमधून विचारतात की बॉल पायथन हा छोटा अजगर सगळ्यांकडे असतो, वेगळं काहीतरी हवंय, पण ब्लड फार खुनशी असतात म्हणे, खरं का?

अर्धंच खरं. खुनशी नसतात, घाबरट असतात. फक्त अंगात ताकद एवढी की त्यांची भीती आपल्याला राग वाटते. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीवरून आलंय.

कायद्याचं आधी उरकून घेऊ

मी अमेरिकेत मिशिगनला राहतो, खालचं सगळं इथल्या हिशोबाने आहे. इथेही राज्याराज्यात नियम वेगळे, हवाईत तर कुठलाच साप चालत नाही, आणि भाड्याच्या घरात असाल तर लीजमध्ये काय लिहिलंय ते आधी वाचा. न्यूझीलंडमध्ये साप पाळायलाच बंदी, सिंगापूरला पण नाही, ऑस्ट्रेलियात परदेशी साप घरी ठेवता येत नाही. इंग्लंडला चालतो.

भारतातून वाचणाऱ्यांना सरळ सांगतो, मोह टाळा. आपला देशी अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळणं गुन्हाच. ब्लड पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये येतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. इन्स्टावर "होम डिलिव्हरी" म्हणणाऱ्याला आयातीचे कागद मागा, तो ब्लॉक करेल. असली पिल्लं बरेचदा मोज्यात नाहीतर कापडी पिशवीत कोंबून विमानाने आणलेली असतात.

पायरी १: कुठला घ्यायचा

स्वभावाचा निम्मा निकाल इथेच लागतो.

ब्लड पायथन म्हणजे पायथन ब्रॉन्गर्समाय, मलेशियाचा द्वीपकल्प, पूर्व सुमात्रा, दक्षिण थायलंड इकडचा. याचे दोन सख्खे चुलत भाऊ आहेत, पश्चिम आणि दक्षिण सुमात्रातला काळपट कर्टस आणि बोर्निओतला तपकिरी ब्राइटेन्स्टायनी. पूर्वी तिघांना एकाच जातीत धरायचे, २००० च्या आसपास वेगळे केले. तिघांना मिळून शॉर्ट-टेल पायथन म्हणतात, शेपूट खरंच आखूड असते, जाडजूड अंग आणि मागे अचानक संपलेलं, जसं काही करणाऱ्याचं पीठ संपलं. आणि दुकानात तिघंही "ब्लड" म्हणून विकले जातात, तेव्हा कुठला आहे ते विचारून घ्या. बोर्निओवाले जरा थंड डोक्याचे असतात असं पाळणारे म्हणतात, पण माझ्या पाहण्यात एकाच घाण्यातली दोन पिल्लं पण दोन टोकांची निघालीत, त्यामुळे जातीवर फार जाऊ नका.

जायचं ते जन्मावर. या सापाचं नाव खराब झालं ते जंगलातून धरून आणलेल्या जनावरांमुळे. सुमात्रात याची कातडी काढायचा मोठा धंदा आहे, पामतेलाच्या मळ्यांमध्ये उंदीर माजतात म्हणून हे साप तिथे भरपूर सापडतात, आणि तसेच जिवंत पकडलेले मोठाले साप १९८०-९० च्या काळात अमेरिकेत पाळीव म्हणून विकायला यायचे. विचार करा, दलदलीत आयुष्य काढलेला साप, पकडला, पोत्यात भरला, आठवडाभर पाणी नाही, पोटात जंत, आणि मग कोणीतरी काचेच्या पेटीत लख्ख उजेडात ठेवून वरून हात घालतोय. चावणार नाही तर काय करेल? तेव्हापासून "ब्लड म्हणजे चावरा" हे चिकटलं ते चिकटलंच.

म्हणून कॅप्टिव्ह-ब्रेड, म्हणजे इथेच अंड्यातून निघालेला, तोच घ्या. विकणाऱ्याला विचारा की आई-बाप तुमच्याकडेच आहेत का, फोटो दाखवा, शेवटचं कधी खाल्लं, फ्रोझन उंदीर खातो की जिवंतच लागतो. रेप्टाइल एक्स्पोमध्ये "फार्म-हॅच्ड" लिहिलेले स्वस्तात मिळतात, म्हणजे तिकडच्या फार्मवर अंड्यातून काढून इकडे पाठवलेले. नवख्याने त्यांच्या नादी लागू नये.

पिल्लू घ्यावं की मोठा? पिल्लं हमखास जास्त फुसफुसतात कारण जंगलात त्यांना कोणीही खातं. वर्ष-दीड वर्षाचा, रोज माणूस बघितलेला साप मिळाला तर पहिलटकराला तो बरा. फक्त विकणाऱ्याला तुमच्यासमोर हातात घेऊन दाखवायला सांगा.

पायरी २: घर आधी, साप नंतर

लोक म्हणतात आमचा ब्लड बिघडलाय, सारखा फुत्कारतो. मी पहिला प्रश्न विचारतो, ह्युमिडिटी किती आहे? बहुतेक वेळा पुढून उत्तर येत नाही कारण मीटरच नसतं.

हा दलदलीतला प्राणी. ह्युमिडिटी ६० ते ७५ टक्के, गरम बाजूला ३०-३१ अंश सेल्सिअस म्हणजे ८६ ते ८८ फॅरनहाइट, थंड बाजूला २६ च्या आसपास. नवीन माणूस साप म्हणजे गरम हवं असं धरून चालतो आणि ३४-३५ ला नेऊन ठेवतो, आणि ब्लडला नेमकं तेच सोसत नाही. उकाड्याने अस्वस्थ झालेला साप चिडका दिसतो. थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरल्याच्या वर जाऊ न देणारं यंत्र) हीट मॅट, म्हणजे टबखालची गरम चटई, लावू नका, हे मी हात जोडून सांगतो.

माझी चूक इथली. मिशिगनचा हिवाळा, घरात हीटर रात्रंदिवस चालू, हवा पापडासारखी कोरडी. टबमधली ह्युमिडिटी ३५ वर आलेली आणि मी आपला समजतोय की भोपळाचा स्वभावच असा. मग कात टाकली ती तुकड्यातुकड्यात, एका डोळ्यावरची पापुद्र्यासारखी चकती तशीच राहिली, म्हणजे तिला त्या बाजूचं धड दिसत नव्हतं आणि मी त्याच बाजूने हात घालत होतो! नारळाच्या काथ्याचा भुसा चार इंच घातला, त्यात पाणी ओतून खालचा थर ओला आणि वरचा कोरडा ठेवला (वरचा पण ओला ठेवला तर पोटाच्या खवल्यांना फोड येतात), झाकणाची भोकं थोडी कमी केली. पुढची कात अखंड निघाली, चकतीसकट. आणि फुसफुस अर्ध्यावर आली. मी काहीच "माणसाळवलं" नव्हतं, फक्त तिचा त्रास थांबला होता.

अजून एक, लपायला जागा. हाइड दोन ठेवा, आणि मोठे नकोत, आत शिरल्यावर अंग सगळ्या बाजूंनी टेकलं पाहिजे. काचेची मोठ्ठी पेटी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवायची हौस असते आपल्याला, पाहुण्यांना दिसावं म्हणून. सापाला ती जागा म्हणजे चौकात पथारी टाकून झोपल्यासारखी. अपारदर्शक टब, शांत खोली, जमिनीला हादरे कमी. त्याला बाहेरून कान नसतात पण तुमची पावलं त्याला अंगातून कळतात.

पाण्याचं भांडं जड असावं. हलकं असेल तर उलथणार, गॅरंटी.

पायरी ३: दोन आठवडे हात लावायचा नाही

सगळ्यात अवघड पायरी हीच. पैसे मोजलेत, मित्रांना सांगितलंय, आणि हात लावायचा नाही. पाणी बदला, घाण काढा, बस. दोनदा-तीनदा नीट खाल्लं की मग पुढे. मी चौथ्या दिवशी हात घातला होता आणि तिने पुढचे पाच आठवडे उंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पायरी ४: तो काय म्हणतोय ते ऐका

ब्लड पायथन बोलका साप आहे, आणि मला तो आवडतो तो याचसाठी. बॉल पायथन घाबरला की गोळा होऊन बसतो, तुम्हाला काही कळत नाही. ब्लड सगळं सांगतो.

नुसता लांब श्वास सोडल्यासारखा फुत्कार, अंग न हलवता, याचा अर्थ "कोण आहे? मला कळलंय तू आहेस". यावर काही करायचं नाही, फक्त थांबायचं. दहा-पंधरा सेकंदात बहुतेक वेळा बंद होतो.

फुत्कार पटापट, एकामागून एक, आणि अंग चपटं करून पसरलेलं, म्हणजे ताण वाढतोय. शेपटीचं टोक वळवळायला लागलं किंवा फटके मारायला लागलं तर अजून वाढतोय. मान मागे ओढून इंग्रजी एससारखी केली आणि डोकं तुमच्या हाताच्या दिशेने वळवत राहिला तर आज नको, झाकण हळू लावा आणि जा.

यापेक्षा महत्त्वाचं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, की फुसफुसणाऱ्यापेक्षा गप्प बसलेल्याकडे जास्त लक्ष द्या. आवाज करतोय तो "लांब हो" म्हणतोय, त्याला चावायचं नाहीये. पण हाइडमधून डोकं बाहेर काढून, एकदम स्थिर, आवाज नाही, मान आखडलेली, जीभ हळू हळू बाहेर, हा शिकारीला बसलाय. हा साप फिरून शिकार करत नाही, पाचोळ्यात दबा धरून बसतो आणि समोरून गरम काही गेलं की झडप. ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, तुमचा हात त्याला अंधारात पण उबदार उंदीर म्हणून दिसतो. मला आजपर्यंत जो एकच जोरदार चावा बसला तो अशाच शांत संध्याकाळी, आणि मी मनात म्हणत होतो वा, आज किती छान मूड आहे.

आणि एक भेद. फुत्कार तुमच्यामुळे येतो, तुम्ही गेलात की थांबतो. कोणी जवळ नसताना श्वासात घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून डोकं वर धरलेलं, तर तो स्वभाव नाही, छातीचा संसर्ग आहे. एक्झॉटिक्स बघणारा व्हेट गाठा, कुत्र्या-मांजरांचा नाही.

पायरी ५: हातात घेणं

वेळ संध्याकाळची नको, तेव्हा तो शिकारीच्या तंद्रीत असतो. दुपार बरी. त्याआधी उंदराला हात लावला असेल तर साबणाने धुवा. खाऊन तीन दिवस झालेले असावेत, नाहीतर ओकून टाकेल, आणि डोळे दुधाळ निळसर झालेले असतील तर कात टाकणार आहे, तोवर सोडा त्याला.

झाकण उघडलं की लगेच हात नाही. साप धरायचा हुक असतो, तो घ्या आणि त्याच्या अंगाला मधोमध हलकेच घासा, ठोकायचं नाही, नुसतं घासायचं. दर वेळी, न चुकता. काही आठवड्यांत त्याला कळतं की हुक लागला म्हणजे जेवण नाही. दारावरची बेल आहे असं समजा. सुरुवातीला फारच फुसफुसत असेल तर डोक्यावर हळूच छोटा टॉवेल टाका, दिसेनासं झालं की बरेच जण निवळतात.

मग हात बाजूने, खालून. वरून कधीच नाही, वरून येतं ते घार नाहीतर घुबड. आणि एकदा हात घालायचा ठरवलं की घाला, मधेच घाबरून मागे, परत पुढे, परत मागे असं करू नका, हलणाऱ्या बोटांनीच तो चाळवतो. एक हात पुढच्या तिसऱ्या भागाखाली, दुसरा मागच्या तिसऱ्या भागाखाली, आणि उचलताना पूर्ण वजन तळव्यांवर आलं पाहिजे. इथे इतर सापांची सवय उपयोगी पडत नाही. बोआ तुमच्या हाताला शेपटीने विळखा घालून स्वतःला सांभाळतो, ब्लडला ती शेपटीच नाही. जमिनीवरचं जड जनावर, मागचा भाग लोंबकळला की त्याला वाटतं पडतोय आणि मग तो असा काही उसळतो की दोन किलोचा साप दहा किलोचा वाटतो. लोक याला हल्ला म्हणतात. जिन्यात पाय सटकल्यावर आपण जे हातवारे करतो ना, ते आहे हे.

मान धरू नका. डोक्यामागे पकडणं हे टीव्हीवरच्या लोकांचं काम, घरच्या सापाला ते केलंत तर महिन्याभराची मेहनत पाण्यात. दाबायचं नाही, आवळायचं नाही, तो पुढे सरकतोय तर सरकू द्या आणि हात खाली देत राहा.

खाली बसूनच घ्या, उभ्याने नाही. मांडीवर जाड टॉवेल, कारण घाबरला तर मस्क, म्हणजे घाणेरड्या वासाचा द्रव, सोडतो आणि तो वास कपड्यातून दोन धुण्यातही जात नाही. पहिले काही दिवस पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नको. आणि परत ठेवायचं ते तो शांत असताना. फुत्कारल्याबरोबर घाईने आत टाकलंत तर फुत्कारलं की सुटका होते एवढंच तो शिकणार. उलट शांत होईपर्यंत तासभर धरून बसणं हाही अडाणीपणाच. मांडीवर स्थिर ठेवा, हात हलवू नका, श्वास लांब झाला, जीभ निवांत लपलपायला लागली की ठेवून द्या.

किती दिवस लागतात? भोपळाला नऊ महिने. मित्राच्या सापाला सहा आठवडे. दुसऱ्या एका ओळखीच्यांचा पाच वर्षांचा आहे आणि अजून फुसफुसतो, चावत मात्र नाही, आणि ते म्हणतात आमच्या आजोबांसारखाच आहे.

हातमोजे वापरू का असं विचारतात. जाड चामड्याच्या मोज्यात तुम्हाला त्याच्या स्नायूंचा ताण कळत नाही आणि पकड नकळत घट्ट होते. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट पुरे.

पायरी ६: खाणं कमी, वाट बघणं जास्त

पिल्लाला सात-दहा दिवसांनी त्याच्या अंगाच्या जाडीइतका उंदीर. मोठ्याला तीन-चार आठवड्यांतून एक मध्यम उंदीर भरपूर झाला. आपल्याकडे खाऊ घालणं म्हणजे प्रेम, पण हा साप काहीच हालचाल करत नाही आणि पटकन लठ्ठ होतो. पूर्ण वाढलेला चार ते सहा फूट, म्हणजे लांबीला फार नाही, पण मादी सात-आठ किलोच्या पुढे जाऊ शकते, आणि वीस वर्षांहून जास्त जगते. तेव्हा हिशोब आत्ताच करा.

फ्रोझन उंदीर रात्री फ्रिजमध्ये वितळवा, मग गरम पाण्यात उबदार करा, लांब चिमट्याने द्या. जिवंत उंदीर सापाला कुरतडतो, नको.

आणि हो, शी. ब्लड आठवडे काय, कधी महिने महिने शी करत नाही, नवीन माणूस घाबरून व्हेटकडे पळतो. खातोय, पोट टणक नाही, तरतरीत आहे, तर वाट बघा. होते तेव्हा एवढी होते की कुत्र्याचा संशय यावा. आमची त्याआधीचे दोन-तीन दिवस भयंकर कुरकुरी असते, तेव्हा मी हात लावत नाही.

चावलाच तर

घाबरून चावलेला लगेच सोडतो, विष नाही, सुया टोचल्यासारख्या ओळी आणि रक्त जरा जास्त दिसतं. उंदीर समजून चावलेला सोडत नाही, विळखा घालतो. हात ओढू नका, दात आत वळलेले असतात, ओढलात तर तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. थंड पाण्याच्या धारेखाली धरा, विळखा शेपटीकडून सोडवत या. मग साबण, आणि टिटॅनसचं इंजेक्शन कधी झालं ते आठवा. मोठ्या सापाला खायला देताना घरात दुसरं मोठं माणूस असावं.

घरचे आणि पाहुणे

सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, हाताळल्यावर हात धुणं सक्तीचं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हातात द्यायचं नाही, कितीही रडली तरी. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर आधी तुम्ही बाहेर काढा, शांत होऊ द्या, मग त्यांना बाजूने, दोन बोटांनी, पाठीच्या मध्यावर. डोक्याजवळ नाही. परफ्युम फासलेला आणि किंचाळणारा पाहुणा असेल तर फोटो दाखवा.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा "घरात लांबडं पाळलंस" म्हणून दोन दिवस त्या खोलीत गेली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, दूध देतोस का? म्हटलं आई, साप दूध पीत नाही, नागपंचमीला पितो तो तहानेने पितो. मग रोज दुपारी टबपासून चार फुटांवर खुर्ची टाकून भाजी निवडत बसायला लागली. बघत नाही, हलत नाही, बोलत नाही. आतून फूं झालं की म्हणायची, हो गं बाई, नाही येत मी. पंधराव्या दिवशी भोपळा हाइडमधून अर्धी बाहेर येऊन तिच्याकडे तोंड करून पडलेली होती, फूं नाही काही नाही, आणि आई मला हळू आवाजात विचारत होती, हिला मेथीचा वास आवडतो का रे?